मुरगाव बंदर, मार्च १९४३ आणि लेफ्टनंट कर्नल लुईस प्यू

कोपरखळी

ग्रेगरी पेकचा १९८० चा ‘द सी वुल्व्ह्ज’ हा सिनेमा बऱ्याच जणांनी टीव्हीवर कधी ना कधी पाहिला असेल, रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हनपण आहेत त्यात, शूटिंगही गोव्यातच झालंय. कलकत्त्याच्या क्लबात बसणारे पोट सुटलेले इंग्रज उठतात आणि थेट मुरगाव बंदरात घुसून जर्मन जहाजाची वाट लावतात. लोकांना वाटतं सगळी फेकाफेक आहे. मसाला भरपूर घातलाय हे खरं, पण प्रकरण घडलेलं आहे आणि पेक ज्याचं काम करतो तो माणूसही खराच, लुईस प्यू. त्याच्यावर मराठीत फारसं काही वाचायला मिळालं नाही म्हणून धागा काढतोय.

प्यू वेल्सचा, जन्म १९०७, रॉयल आर्टिलरीतला म्हणजे तोफखान्यातला रेग्युलर अधिकारी. महायुद्धात तो एसओईच्या भारतातल्या शाखेत आला. एसओई म्हणजे चर्चिलने १९४० मध्ये उभं केलेलं घातपाताचं खातं, शत्रूच्या मुलखात माणसं सोडायची, पूल उडवायचे, स्थानिक बंडखोरांना शस्त्रं पुरवायची वगैरे. भारतातल्या शाखेचं मुख्यालय मेरठला होतं आणि प्रमुख होता कॉलिन मॅकेन्झी, हा मूळचा सैनिकच नव्हे, सुताच्या धंद्यातल्या मोठ्या कंपनीचा माणूस, पहिल्या महायुद्धात एक पाय गमावलेला. या शाखेला पुढे १९४४ मध्ये फोर्स १३६ हे नाव मिळालं. तर मॅकेन्झीच्या हाताखाली प्यू.

आता मुरगावची भानगड. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा हिंदी महासागरात फिरणारी जर्मन व्यापारी जहाजं जवळचं तटस्थ बंदर शोधत पळाली. एरनफेल्स, द्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तिघं मुरगावला येऊन बसली, तिन्ही ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर आन्फोरा नावाचं इटालियन जहाजही त्यांच्या पंगतीला आलं. पोर्तुगाल तटस्थ म्हणजे गोवाही तटस्थ, त्यामुळे ब्रिटिश आरमार बाहेर गस्त घालणार आणि ही चार जहाजं आत नांगर टाकून बसणार. अशी साडेतीन वर्षं गेली.

ब्रिटिशांना संशय असा की एरनफेल्सवर चोरून ठेवलेला ट्रान्समीटर आहे आणि त्यावरून मित्रराष्ट्रांच्या जहाजांच्या हालचाली पाणबुड्यांना कळवल्या जातात. आधी कॅप्टनला पैसे चारून जहाज बंदराबाहेर आणायचा घाट घातला, तो फसला. मग ठरलं की रात्री चढायचं आणि जहाज पळवून न्यायचं, नाहीच जमलं तर बुडवायचं. पण सैन्य वापरता येईना कारण एक जरी सैनिक युनिफॉर्ममध्ये सापडला तर तटस्थ देशावर हल्ला केल्याचा बोभाटा. इथे प्यूने डोकं चालवलं, त्याने कलकत्ता लाइट हॉर्सचा कर्नल बिल ग्राइसला गाठलं. लाइट हॉर्स म्हणजे हौशी घोडदळ, ज्यूटवाले, चहावाले, बँकवाले, विमावाले, संध्याकाळी बारमध्ये आणि रविवारी परेडला. त्यांची शेवटची खरी लढाई बोअर युद्धातली! त्यातले १४ आणि कलकत्ता स्कॉटिश या तशाच दुसऱ्या हौशी पलटणीचे ४ असे निवडले. पगार नाही, पदक नाही, कोणाला सांगायचं नाही, आणि पकडले गेलात तर सरकार ओळख दाखवणार नाही. तरी तयार झाले.

हुगळीतला गाळ वाहणारा फीबी नावाचा हॉपर बार्ज घेतला. तो हळूहळू अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून कोचीनला पोचला, बरेचसे स्वयंसेवक थोडे थोडे करत ट्रेनने कोचीनला आले आणि तिथून सगळे गोव्याकडे. ८ मार्चची रात्र उलटून ९ मार्च १९४३ उजाडायच्या आत फीबी एरनफेल्सला जाऊन चिकटला, शिड्या लावून सगळे वर चढले. पुढचा अर्धापाऊण तास झटापट झाली, कॅप्टन र्‍योफर मारला गेला, जर्मनांनी ठरल्याप्रमाणे आग लावली आणि तळाचे व्हॉल्व्ह उघडून दिले. जहाज बसलं. ते बघून उरलेल्या तिन्ही जहाजांनी स्वतःच स्वतःला पेटवून बुडवलं, त्यांना कोणी हातसुद्धा लावला नव्हता. फीबीवरचा एकही माणूस गेला नाही.

१९७८ ला जेम्स लीझरचं ‘बोर्डिंग पार्टी’ हे पुस्तक येईपर्यंत हे सगळं गुपित होतं म्हणे. आता मला यात दोन गोष्टी खुपतात. एक म्हणजे सगळं कौतुक क्लबातल्या काकांचं होतं आणि ज्याने ही जबाबदारी अंगावर घेतली तो प्यू सिनेमाच्या बाहेर कोणाला माहीत नाही. दुसरं म्हणजे हे सगळं करून खरंच काही साधलं का? जाणकारांनी लिहा, प्यूचं पुढे काय झालं तेही.

अर्धवटराव

भारी धागा! फुल्ल एंटरटेनमेंट. ते वेश्यावस्तीचं राहिलं की, जहाजावरचे खलाशी किनाऱ्यावर यावेत म्हणून कोणाला तरी पुढे पाठवून फुकट सोय करून ठेवली होती, खर्च ब्रिटिशांचा. ते खरं आहे का सिनेमावाल्यांनी घातलंय?

कोपरखळी

@अर्धवटराव, ते पुस्तकातही आहे. कार्टराइट नावाचा लाइट हॉर्सवाला आधी गोव्यात गेला, जहाजांवरच्या अधिकाऱ्यांसाठी पार्टी आणि खलाशांसाठी ती ‘सोय’ असा बेत जुळवला. सभ्य भाषेत सांगायचं तर सरकारी खर्चातलं हे बिल कुठल्या हेडखाली टाकलं असेल याची मला जास्त उत्सुकता आहे.

मुरगांवची_शांती

गोयंकार या नात्याने बोलते. तारीख बघा आधी. १९४३ ला ईस्टर आला होता २५ एप्रिलला, त्याहून उशिरा ईस्टर येऊच शकत नाही. त्यातून मागे ४६ दिवस मोजले की राखेचा बुधवार १० मार्चला येतो. म्हणजे कार्निव्हल शनिवार ६ ते मंगळवार ९ मार्च. हल्ला झाला सोमवारची रात्र संपून मंगळवार लागताना, म्हणजे ऐन कार्निव्हलात. त्यामुळे कोणा इंग्रजाने पैसे वाटले म्हणून गावात जत्रा भरली वगैरे सांगायची गरजच नाही, त्या रात्री वास्कोत नाहीतर मडगावात कोण शुद्धीत असणार होतं! बुधवारपासून उपास, म्हणून आधी सगळं उरकून घ्यायचं अशी आमची रीत. प्यूने किंवा त्याच्या माणसाने एवढं कॅलेंडर बघितलं यातच अर्धं काम झालं.

आणि चंद्राचंही बघा. त्या वर्षी होळी २०-२१ मार्चच्या सुमारास, म्हणजे अमावस्या ६ मार्चच्या आसपास. ८ तारखेला चंद्रकोर संध्याकाळीच मावळली असणार, मध्यरात्रीनंतर मिट्ट काळोख. भरतीचं गणित मला येत नाही, ते दर्यावर्दी काकांनी सांगावं.

दर्यावर्दी

शांतीताई, अमावस्येनंतर दोनतीन दिवस म्हणजे उधाणाची भरती-ओहोटी, पाण्याला ओढ जास्त. गाळाच्या बार्जसारखं सपाट, जड धूड अशा ओढीत अंधारात दुसऱ्या जहाजाच्या बाजूला नेऊन लावणं हे मला त्या सगळ्या गोळीबारापेक्षा अवघड वाटतं. तो बार्ज चालवत होता नेव्हीचा कमांडर डेव्हिस, त्याचं नाव सिनेमावाल्यांच्या तोंडी फारसं येत नाही, पण माझा सलाम त्याला.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये आयुष्य काढलं म्हणून एक मुद्दा. जहाज पळवून न्यायचा जो पहिला बेत होता तो मला कधीच पटला नाही. साडेतीन वर्षं उष्ण पाण्यात एका जागी उभं असलेलं जहाज, तळाला शिंपल्या-कालवांचा थर किती असेल कल्पना करा. इंजिन थंड, क्रू शत्रूचा, आणि बाहेर पडायला हातात रात्रीचे तीनचार तास. नांगराची साखळी स्फोटकं लावून तोडता येते, ती त्यांनी तोडायची ठरवलीही होती, पण साखळी तुटली म्हणजे जहाज चालायला लागत नाही, ते वाहायला लागतं. बार्जने ओढायचं म्हटलं तर पावणेआठ हजार टनांच्या जहाजापुढे फीबी म्हणजे हत्तीला बांधलेली शेळी.

त्यात जर्मन कॅप्टन कच्चा नव्हता, आग लावायचं सामान डेकवर तयार ठेवलेलं, रॉकेलचे पिंप, आणि तळाचे सी-कॉक उघडायला माणूस नेमलेला. इंजिनरूममध्ये एकदा पाणी शिरायला लागलं की खालच्या माणसाला दिसत नाही कुठून येतंय, वरून दिवे गेलेले, तेलाचा थर पाण्यावर, पाय ठरत नाही. अशा ठिकाणी परका माणूस व्हॉल्व्ह शोधून बंद करू शकत नाही, त्याने वेळेत शिडी पकडावी हे बरं. चढलेली सगळी मंडळी जिवंत परत आली म्हणजे कोणीतरी परत फिरायची शिट्टी अगदी वेळेवर वाजवली. ते श्रेय मी प्यू आणि ग्राइसला देईन.

अजून एक, एरनफेल्स हे साधं मालवाहू समजू नका. याच बांधणीची तिची भावंडं जर्मन आरमाराने तोफा बसवून वेश पालटून समुद्रात सोडली होती. हान्सा कंपनीच्या गोल्डनफेल्सचं अटलांटिस झालं आणि कांडेलफेल्सचं पिंग्विन, या दोघांनी हिंदी महासागरात ब्रिटिशांच्या नाकी नऊ आणले होते. तेव्हा ट्रान्समीटर असो नसो, हे जहाज सुटलं तर काय होईल ही भीती ब्रिटिशांना असणार.

शंकासुर

आता थोडं पाणी ओततो. पुस्तकात आकडे दिलेत की मार्चच्या पहिल्या ११ दिवसांत इतकी जहाजं बुडाली आणि छाप्यानंतर एकदम एकदोनवर आलं, म्हणून छापा यशस्वी. हा आकडा नेटवर सगळीकडे कॉपी-पेस्ट होत फिरतो. पण १९४३ च्या सुरुवातीला जर्मन पाणबुड्या होत्या कुठे? दक्षिण आफ्रिकेच्या आसपास, केप आणि मोझांबिकच्या बाजूला. गोव्यापासून हजारो किलोमीटर. मान्सून ग्रुप नावाचा जो पाणबुड्यांचा जथा खास हिंदी महासागरासाठी पाठवला तो युरोपातून निघाला १९४३ च्या जून-जुलैमध्ये, म्हणजे एरनफेल्स बुडून तीन महिने झाल्यावर. मग मुरगावचं जहाज नक्की कोणाला निरोप देत होतं? जपानी पाणबुड्या होत्या पण त्यांची व्यवस्था वेगळी.

शिवाय वर्षानुवर्षं एकाच जागेवरून ट्रान्समिट करणारा सेट ब्रिटिशांच्या दिशाशोधक स्टेशनांना पक्का सापडायला हवा. बंदरात उभं जहाज, हलत नाही डुलत नाही, त्याची जागा काढणं सगळ्यात सोपं. तसा ठोस पुरावा समोर ठेवला असता तर लिस्बनमार्फत पोर्तुगीजांवर दबाव टाकून सेट जप्त करवता आला असता.

माझं मत, प्यू हुशार अधिकारी होता यात वाद नाही, पण एसओईला त्या काळात स्वतःची उपयुक्तता दाखवायची फार घाई होती. भारतातल्या शाखेकडे १९४३ पर्यंत दाखवण्यासारखं काही फार नव्हतं, ब्रह्मदेश हातचा गेलेला, मलाया गेलेलं. अशा वेळी हाताशी चार जहाजं आयती उभी.

वकिलीण_बाई

शंकासुर, लिस्बनवर दबाव टाकला असता हे म्हणणं सोपं आहे. डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच सैन्य पोर्तुगीज तिमोरमध्ये शिरलं होतं, जपान यायच्या आधी आपण जाऊ म्हणून. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने जाहीर थयथयाट केला, आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये जपान उतरलाच. त्यामुळे पोर्तुगीज वसाहतीत परत काही दांडगाई केली तर लिस्बनमध्ये काय होईल याची लंडनला धास्ती होती. त्यात ब्रिटनला पोर्तुगालच्या अझोर बेटांवर विमानतळ हवा होता, अटलांटिकमधल्या पाणबुड्यांवर नजर ठेवायला. तो करार झाला ऑगस्ट १९४३ मध्ये, म्हणजे मुरगावनंतर पाच महिन्यांनी. १३७३ च्या जुन्या मैत्रीच्या तहाचा हवाला देऊन झाला तो! समजा मार्चमध्ये एखादा विमा कंपनीचा मॅनेजर गोव्याच्या पोलिसांच्या हाती लागला असता आणि त्याने तोंड उघडलं असतं, तर अझोरचं काय झालं असतं? प्यूने जो धोका पत्करला तो त्या १८ जणांच्या जिवापुरता नव्हता.

कायद्याच्या बाजूने बोलायचं तर हा तटस्थतेचा सरळसरळ भंग आहे, त्यात किंतु नाही. आणि गंमत म्हणजे सगळ्यांनाच खोटं सोयीचं होतं. ब्रिटिश गप्प, पोर्तुगीजांना आपल्या नाकाखाली हे झालं हे मान्य करायचं नव्हतं, म्हणून खलाशांनीच आपली जहाजं जाळली हे अधिकृत ठरलं आणि चारपैकी तीन जहाजांबाबत ते खरंच होतं. बिचारे खलाशी तुरुंगात.

मुरगांवची_शांती

वकिलीणबाई +१. त्या वेळी गोव्याचा गव्हर्नर जनरल होता जोझे काब्राल. याच बंदरात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकन आणि जपानी नागरिकांची अदलाबदल झाली, एका बाजूला ग्रिप्सहोम आणि दुसऱ्या बाजूला तेइया मारू अशी दोन मोठी जहाजं लागली, इकडचे प्रवासी तिकडे आणि तिकडचे इकडे. म्हणजे मार्चमध्ये जिथे चार जहाजं पेटली तिथेच सात महिन्यांनी सगळं जग गोव्याला विश्वासाचं तटस्थ बंदर म्हणून वापरत होतं. इतकं बेमालूम झाकलं गेलं ते प्रकरण.

आमच्या घरात जुनी माणसं ‘जर्मनाची बोटां जळ्ळीं’ एवढंच सांगायची. इंग्रज वगैरे कोणाच्या बोलण्यात नाही.

अर्धवटराव

आणि ते अपहरण? रॉबर्ट कोख नावाचा जर्मन एजंट पणजीत राहायचा, प्यू आणि गॅव्हिन स्ट्यूअर्ट साध्या कपड्यात गाडी घेऊन गेले आणि नवराबायकोला उचलून ब्रिटिश हद्दीत आणलं, असं वाचलंय. ते तर छाप्याच्या आधीचं.

शंकासुर

हो, ती कथा आहे, आणि मला या सगळ्या प्रकरणात तीच सगळ्यात कमी आवडते. जहाजावर चढणं हे निदान समोरासमोर आहे. इथे एक बाई आहे जिचा गुन्हा काय तर नवरा जर्मन. उचलून आणल्यावर त्या दोघांचं पुढे काय झालं हे कथा सांगणारे सांगत नाहीत, पान उलटून थेट फीबीवर जातात. गुप्त कारवाया करणाऱ्या अधिकाऱ्याचं आयुष्य असंच असतं, त्यातला सिनेमात घालण्यासारखा भाग आपण बघतो.

सिंहगड_रोड

पुणेकर म्हणून मधे तोंड घालतो, कारण एसओईचा आणि आमचा संबंध कोणी काढलाच नाही. फोर्स १३६ ची जंगलयुद्धाची आणि हेरगिरीची शाळा पुण्याजवळच होती, खडकवासला-सिंहगड पट्ट्यात, ईस्टर्न वॉरफेअर स्कूल. आज जिथे आपण रविवारी भजी आणि पिठलं-भाकरी खायला जातो तिथे मलायातले चिनी तरुण स्फोटकं, वायरलेस, अंधारात चालणं हे शिकत होते. सिंगापूरचा लिम बो सेंग हा यांचाच, जून १९४४ मध्ये जपान्यांच्या तुरुंगात हाल होऊन मेला, सिंगापूरमध्ये त्याचं स्मारक आहे. त्यांच्या गुस्तावस मोहिमेची पहिली तुकडी मे १९४३ मध्ये डच पाणबुडीतून मलायाच्या किनाऱ्यावर उतरली, नेतृत्व जॉन डेव्हिसचं, तो मलायाच्या पोलिसातला. (दर्यावर्दी काकांचा डेव्हिस वेगळा.)

बघा, मुरगावनंतर फक्त दोन महिने. दोन्ही एकाच दुकानातला माल. पण मुरगाव एका रात्रीत संपलं आणि डेव्हिस मलायाच्या जंगलात युद्ध संपेपर्यंत राहिला. शंकासुर म्हणतात तसं १९४३ च्या सुरुवातीला दाखवायला काही नव्हतं हे मान्य, पण तेव्हा शाळा भरत होती, निकाल नंतर लागला.

शंकासुर

@सिंहगड_रोड, मान्य. तुमच्या लिम बो सेंगसमोर मला मुरगावचे काका अजूनच हलके वाटायला लागले. ते रात्री जहाजावर चढले आणि आठवड्याभरात ऑफिसला हजर.

दर्यावर्दी

हलके म्हणू नका हो. पन्नाशीकडे झुकलेला माणूस बोटीच्या उंच बाजूला हलत्या शिडीवरून काळोखात चढतो, वर कोण बंदूक घेऊन उभा आहे माहीत नाही. मी तरुण असताना शांत बंदरात दिवसाउजेडी पायलटच्या शिडीवरून चढताना घाबरायचो.

तोफखाना_नगर

धागाकर्त्याने विचारलंय की प्यूचं पुढे काय. तर ऐका, आणि इथे आपला म्हणजे मराठी माणसाचा संबंध थेट येतो.

युद्ध संपलं ऑगस्ट १९४५ मध्ये. जावा बेटावर जपानी शरण आलेले पण डच अजून परत यायचे, आणि तिकडे सुकार्नोने १७ ऑगस्टला इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीर करून टाकलेलं. मधल्या काळात व्यवस्था लावायला ब्रिटिशांनी पाठवलं भारतीय सैन्य. २५ ऑक्टोबरला सुराबायाला उतरली ४९ वी इंडियन इन्फंट्री ब्रिगेड, चार हजारांच्या आसपास माणसं. ब्रिगेडिअर मॅलबी आणि त्याचा डेप्युटी कर्नल एल एच ओ प्यू. होय, तोच. आणि ब्रिगेडमधल्या पलटणी बघा, मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन, चौथी आणि सहावी, आणि राजपुताना रायफल्सची एक. म्हणजे सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं, वर्षभरापूर्वी ब्रह्मदेशाच्या सीमेवर जपान्यांशी लढलेली, आता घरी जायची वाट बघणारी.

शहरात हजारो हत्यारबंद तरुण, जपान्यांकडून मिळालेल्या बंदुका आणि रणगाडेसुद्धा. ब्रिटिशांनी विमानातून पत्रकं टाकून हत्यारं खाली ठेवा म्हटलं आणि २८ तारखेला शहर पेटलं. ब्रिगेड इमारतीइमारतीत पाचदहा माणसांच्या तुकड्यांनी विखुरलेली, गोळ्या संपल्या की संपलं. सुकार्नोला बोलावून शस्त्रसंधी केला. ३० तारखेच्या संध्याकाळी मॅलबी गाडीतून शस्त्रसंधी समजावत फिरत होता, इंटरनॅशियो नावाच्या इमारतीसमोर जमावाने अडवलं, त्या इमारतीत सहाव्या मराठ्याची कंपनी होती. तिथेच मॅलबी मारला गेला.

आणि ब्रिगेड आली प्यूच्या हातात. मुरगावात त्याच्याकडे १८ हौशी लोक होते आणि आदेश होता की हल्ला कर. इथे हजारो थकलेले जवान, ब्रिगेडिअर गेलेला, चारी बाजूंनी जमाव, आणि काम होतं की मदत येईपर्यंत हल्ला करायचा नाही, माणसं टिकवायची, सगळ्यांना बंदराकडे आणि विमानतळाकडे गोळा करायचं, त्यातच छावण्यांमधून बाहेर काढलेल्या डच बायकापोरांना बोटीवर चढवायचं. पाचवी इंडियन डिव्हिजन घेऊन मेजर जनरल मॅन्सर्ग आला तोपर्यंत त्याने ते निभावलं. १० नोव्हेंबरला मॅन्सर्गने हल्ला केला आणि तीन आठवडे शहर जळत होतं, इंडोनेशियात १० नोव्हेंबर हा आजही वीरदिन आहे.

आता सांगा, अधिकारी म्हणून त्याची परीक्षा कुठे झाली? मला विचाराल तर सुराबायात. पण त्यावर ग्रेगरी पेक नाही मिळत, कारण त्या लढाईत ब्रिटिशांची बाजू आज कोणाला मिरवावीशी वाटत नाही, आणि मेले ते आपले.

वकिलीण_बाई

बाप रे. हे वाचून धागा वेगळ्याच उंचीवर गेला. नेहरूंनी तेव्हाच आवाज उठवला होता की भारतीय सैन्य इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याविरुद्ध वापरू नका. त्या मराठा जवानांची मनःस्थिती काय असेल, इकडे आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटला नोव्हेंबर १९४५ मध्येच सुरू झाला.

कोपरखळी

तोफखाना, मला हेच हवं होतं, धन्यवाद. माझ्याकडून पुढचा भाग जोडतो. प्यू सैन्यातच राहिला, मेजर जनरल म्हणून निवृत्त झाला, डीएसओ हे लष्करी पदक तीनदा मिळालेला माणूस, शेवटी वेल्सला आपल्या गावाकडे. १९७८ ला पुस्तक आलं तेव्हा हयात, सिनेमा आला तेव्हाही हयात, १९८१ ला गेला. कलकत्ता लाइट हॉर्स तर १९४७ लाच बरखास्त झालेली, मुरगावबद्दल त्या लोकांना शेवटपर्यंत एकही अधिकृत पदक नाही.

शंकासुरांचा पाणबुड्यांचा मुद्दा मला पटतोय, छाप्यामुळे समुद्र सुरक्षित झाला हे दुकान चालवायला बरं. पण दर्यावर्दी काकांचा अटलांटिस-पिंग्विनचा मुद्दाही सोडवत नाही. त्या जहाजांनी आधी काय केलं होतं हे माहीत असताना तसंच तिसरं जहाज मुंबईपासून एका रात्रीच्या अंतरावर उभं आहे, आणि तुमच्या हातात निर्णय आहे. मी असतो तर मीपण बुडवलं असतं बहुतेक. ते कोख नवराबायकोचं मात्र केलं नसतं.

अर्धवटराव

तुम्ही असता तर कार्निव्हलमध्येच अडकला असता, फीबी वाट बघत बसला असता 😀

तोफखाना_नगर

सहाव्या मराठ्यावर वेगळा धागा काढतो सवडीने. कोणाच्या घरात आजोबा-पणजोबा जावाला गेलेले असतील, फोटो, पत्रं, पेन्शनची कागदपत्रं काही असेल तर तिथे टाका. पलटण नंबर नक्की बघा, चौथी की सहावी, दोन्ही सुराबायातच होत्या पण शहराच्या वेगवेगळ्या भागात.

मुरगांवची_शांती

काढा काढा. आणि मुंबईपासून एक रात्र म्हणालात कोपरखळी, ते गोव्याच्या आगबोटीच्या हिशेबाने बरोबर, फीबीला दोन लागल्या असत्या.